बदलीचा कायदा आणि पारनेरची कचेरी

'मे. तहसीलदारसाहेब, पारनेर यांचे सेवेशी' असा जुन्या वळणाचा अर्ज अजूनही लिहिला जातो. तहसील, महसूल, अर्ज, दफ्तर, बदली हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत मुरले. त्यातला 'बदली' हा शब्द तेवढा पुढाऱ्यांच्या खिशात गेला आहे.

याच मुलखातल्या निजामशाहीत मलिक अंबरने (मृत्यू १६२६) जमिनीची प्रत पाहून सारा ठरवला, मक्तेदारांना बाजूला केले. देणे किती, हे रयतेला आधीच कळले की मधल्या माणसाच्या मर्जीला किंमत उरत नाही. चारशे वर्षांनी आपण ती मर्जी पुन्हा दारात आणून बसवली आहे.

गंमत अशी की मर्जीवरचा उताराही पारनेर तालुक्यातूनच निघाला. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंच्या रेट्याने राज्यात माहितीचा अधिकार आला आणि मग २००५ चा बदल्यांचा कायदा. (अण्णांच्या पुढच्या राजकारणाशी माझे जमत नाही, पण हे श्रेय नाकारणे कोतेपणा होईल.) एका जागी साधारण तीन वर्षे, बदल्या एप्रिल-मे महिन्यातच, फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवायची नाही. मुख्य अपवाद म्हणजे 'विशेष कारण'. तहसीलदाराच्या बाबतीत ते कारण मंत्र्याने लिहायचे आणि मुख्यमंत्र्याने मान्य करायचे. म्हणजे कुंपणाची राखण शेळ्यांकडेच!

अधिकाऱ्यांनी तोंडी हुकमांवर चालू नये, ते लेखी नोंदवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले. २०२१ मध्ये पारनेरच्याच महिला तहसीलदारांची ध्वनिफीत राज्यभर फिरली, आरोप दोन्ही बाजूंनी झाले, आणि थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली. खरे-खोटे चौकशीने ठरवावे. पण चौकशी आणि बदली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण विसरूनच गेलो आहोत.

आपल्या मोहल्ल्यातही 'आमदारांना सांगून साहेबाला हलवला' हे फुशारकीने सांगतात. त्यांना माझा सवाल आहे. तांबोळी-बागवानांच्या पोरांचे जातीचे दाखले, कब्रस्तानाच्या सातबाऱ्यावरची नोंद, ही कामे फोनवर हलणाऱ्या साहेबाकडून होतील की पुढाऱ्याचा फोन आला तरी जागचा न हलणाऱ्या साहेबाकडून?

मुदतीआधीच्या प्रत्येक बदलीचे लेखी कारण कचेरीच्या फलकावर लागले पाहिजे. तोवर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून ते मागता येते.