शंभर यार्ड

गेल्या वर्षअखेरीस उधना भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत बक्षीस समारंभाला जाण्याचा योग आला. निवृत्त अधिकाऱ्याला अध्यक्षस्थानी बसवले की केवळ एका हारावर भागते, हे शाळांना आता कळून चुकले आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. फाटकाजवळ एक ठसठशीत फलक होता. या संस्थेच्या १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री हा दंडनीय अपराध आहे, असे त्यावर गुजरातीत आणि मराठीत लिहिलेले होते. मराठीत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, हे मुद्दाम नोंदवतो, कारण ही गोष्ट हल्ली दुर्मीळ झाली आहे. फलकाच्या खांबाला एक सुतळी बांधलेली होती आणि तिचे दुसरे टोक शेजारच्या पानाच्या गल्ल्याच्या ताडपत्रीला होते. गल्ल्याच्या दांडीवरून पुड्यांच्या माळा लोंबत होत्या. त्यांच्या खाली, सातआठ वर्षांच्या मुलाचा हात सहज पोहोचेल अशा उंचीवर, गोळ्याबिस्किटांच्या बरण्या होत्या. कायद्याच्याच खांबाने गल्ल्याचे छप्पर तोलून धरले होते.

वाचकांपैकी काहींना यात नवल वाटणार नाही. नवल वाटेनासे झाले आहे, हीच आमची मूळ तक्रार.

कायद्यांची वानवा आहे म्हणावे तर तसेही नाही. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली ती २ नोव्हेंबर २००१ रोजी, मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर. पुढे २००३ चा सिगारेट व अन्य तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा आला. २ ऑक्टोबर २००८ पासून धूम्रपानबंदीचे सुधारित नियम लागू झाले. गुटख्यावर महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये आणि आपल्या गुजरातने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बंदी घातली. २०१७ साली गुजरात विधानसभेने हुक्काबारांविरुद्ध वेगळी दुरुस्ती केली. एवढे कायदे असूनही दंडाची कमाल रक्कम पाहा. शाळेच्या १०० यार्डांच्या आत किंवा १८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकली, तर २००३ च्या कायद्याप्रमाणे दंड फार तर २०० रुपये. त्याच मुलाला तीच पुडी दिल्याबद्दल २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमान्वये मात्र सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड! एका अपराधाला एका पुस्तकात चहापाण्याचा खर्च आणि दुसऱ्या पुस्तकात जवळजवळ दरोडेखोराची शिक्षा. अशा वेळी अंमलदार काय करतो, हे आम्हांला चांगले ठाऊक आहे. एक शिक्षा हास्यास्पद वाटते म्हणून आणि दुसरी भयंकर वाटते म्हणून, तो दोन्ही पुस्तके मिटून ठेवतो.

हे आम्ही दुरून सांगत नाही. राज्य सरकारच्या सेवेत आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ काढला. २००८ च्या नियमांनंतर आमच्या कार्यालयातही धूम्रपाननिषेधाचा फलक लागला. तो ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटरपेक्षा लहान नसावा असे नियमात असल्यामुळे आम्ही स्वतः फूटपट्टीने मोजून घेतला. दंडाचे पावतीपुस्तकही आले. फलकाखालच्या जिन्याचा कोपरा वर्षानुवर्षे लालच राहिला, आणि पावतीपुस्तक आमच्या निवृत्तीच्या दिवशी पहिल्या पावतीपासून कोरे होते. ते आम्ही पुढच्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन केले, यादीत नोंद करून, रीतसर.

त्या लाल कोपऱ्यात दुसरीही एक गोष्ट लपलेली आहे. आमचे सारे फलक धुराविरुद्ध होते आणि आमचे शहर मुख्यतः चघळणारे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे आढळले; त्यांत ओढणारे १०.७ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २१.४ टक्के (काही जण दोन्ही करतात). धूरविरहित म्हणजे मावा, गुटखा, खैनी, तपकीर, मशेरी. धूर शेजाऱ्याच्या नाकात जातो म्हणून त्याविरुद्ध ओरड होते. माव्याची गोळी ज्याच्या गालात असते त्याचाच गाल कुरतडते आणि शेजाऱ्याला केवळ पिचकारी दिसते. म्हणून महानगरपालिकेने पिचकारीविरुद्ध मोहीम उघडली, चौकांतल्या कॅमेऱ्यांतून थुंकणारे हुडकले, दंड केले. चांगलेच केले. परंतु ज्या गल्ल्यावरून तो गाल भरला गेला, त्याच्याकडे कॅमेरा वळत नाही. गुटखाबंदीचे तरी काय झाले? पानमसाल्याची पुडी एक, तंबाखूची पुडी दुसरी. दोन्ही एकाच दोरीवर शेजारी शेजारी. गिऱ्हाईक हातावर ओततो आणि सरकारने मोडलेला संसार पुन्हा जुळवतो. आणि ही बंदी अन्नसुरक्षा कायद्याखाली एका वर्षापुरतीच घालता येत असल्याने, दर वर्षी ती नव्याने जाहीर करण्याचे श्राद्धही यथासांग पार पडते.

याचा अर्थ आम्ही संपूर्ण बंदी मागतो आहोत, असे कोणी समजू नये. बंदीच्या हौसेचा इतिहास आमच्या सुरतेइतकाच जुना आहे. अकबराच्या दरबारात तंबाखू पोहोचवली ती असद बेगाने, १६०४ च्या सुमारास, आणि आणली कोठून, तर विजापुराहून. म्हणजे या व्यसनाच्या उत्तरस्वारीत दख्खनचा हात पहिल्यापासून आहे. जहांगीराने १६१७ साली फर्मान काढून धूम्रपान बंद केले. सुरत हे त्याच्या साम्राज्याचे प्रमुख बंदर. फर्मान गेले, चिलीम राहिली. भूतानने २००४ मध्ये तंबाखूची विक्रीच बंद केली. चोरटी आयात आवरेना, शेवटी २०२१ मध्ये ती बंदी उठवावी लागली. आणि एवढ्या लांब जायचे कशाला? ज्या राज्यात स्थापनेपासून दारूबंदी आहे, त्या राज्यातल्या वाचकांना बंदीची शोभा आम्ही नव्याने काय वर्णावी?

आमचे म्हणणे त्याहून पुष्कळ लहान आहे. मनुष्याच्या गालात काय आहे ते पाहणे नगरपालिकेचे काम नव्हे. रस्त्यावर काय उभे आहे ते पाहणे मात्र तिचेच काम आहे. गल्ला आकाशात लोंबकळत नाही. तो पदपथावर, नाल्याच्या कडेला, कोणाच्या तरी ओट्यावर उभा असतो. मुंबई राज्य असताना झालेला १९४९ चा प्रांतिक महानगरपालिका कायदा आजही, नाव बदलून, आपल्या शहराला लागू आहे आणि रस्त्यातील अडथळा हटवण्याचा अधिकार त्याने आयुक्तांना स्वच्छ शब्दांत दिलेला आहे. शिवाय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २१ सप्टेंबर २०१७ च्या पत्राने सर्व राज्यांना सुचवले की तंबाखू विकणाऱ्या दुकानांना स्थानिक संस्थेची परवानगी आवश्यक करावी, आणि अशा दुकानांत गोळ्या, चॉकलेटे, बिस्किटे, वेफर, थंड पेये ठेवू देऊ नयेत. या एका सूचनेत साऱ्या भाराभर कायद्यांपेक्षा अधिक शहाणपण आहे. कारण मूल गल्ल्यावर तंबाखूसाठी जातच नाही. ते गोळीसाठी जाते. गोळीवाल्या काकांची ओळख तिसरीत होते, आणि पुडी त्याच काकांच्या हातून आठवीत मिळते. दोन्ही माल वेगळे केले की ही ओळखच होत नाही.

हे अशक्य आहे, असे सुरतेने तरी म्हणू नये. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने अर्धे शहर स्टेशनकडे धावत सुटले होते. आमच्यापैकी कितीतरी घरांतली बायकामुले त्या आठवड्यात भुसावळ-जळगावच्या गाड्यांत कोंबली गेली. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले, आणि वातानुकूलित खोल्यांतले अधिकारी सकाळी सकाळी रस्त्यावर दिसू लागले. रात्री झाडलोट होऊ लागली, हॉटेलांची स्वयंपाकघरे तपासली गेली, वजनदारांची बेकायदा बांधकामेही पडली. त्यासाठी दिल्लीहून नवा कायदा आला नव्हता. जुन्याच कायद्याचे पुस्तक कोणीतरी उघडले, एवढेच. तेच शहर २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने देशात पहिले आले. ज्या यंत्रणेला रोज रात्री शेकडो रस्ते झाडता येतात, तिला शाळांभोवती एक फीत धरून मोजता येऊ नये?

गरिबाच्या पोटावर पाय का देता, असा प्रश्न येईल. प्रश्न खरा आहे आणि तो विचारणारा दर वेळी ढोंगी असतो, असे नाही. गल्लेवाला लक्षाधीश नसतो. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच कायद्याने फेरीवाल्यांची नोंद आणि जागा ठरवण्याची सोयही केली आहे. आम्ही त्याचा गल्ला तोडा म्हणत नाही; शाळेपासून हलवा म्हणतो, आणि तेथेच राहायचे असेल तर तंबाखू सोडून दुसरे काही विक म्हणतो. आणि पोटाचाच हिशेब मांडायचा तर पूर्ण मांडू. यंत्रमागावर बारा बारा तासांची पाळी करणारा कामगार, मग तो ओरिसाच्या गंजामचा असो की आपल्या खानदेशातला, तंबाखूची चिमूट शौक म्हणून लावत नाही. झोप आणि भूक दोन्ही मारण्यासाठी लावतो. जेवणाला सुट्टी नाही, पुडीला लागत नाही. त्याच्या पोटाची काळजी गल्लेवाल्याच्या पोटाआड का लपवली जाते? ज्यांनी ही पाने पिकवली त्या निपाणीच्या शेतकऱ्यांना १९८१ साली भाव मागताना गोळ्या झेलाव्या लागल्या. या धंद्यात गरिबाच्या वाट्याला काय येते, याचा तेवढा पुरावा पुरेसा आहे.

आता आम्ही आमच्याच लोकांकडे वळतो. हा मजकूर वाचणारी बहुतेक कुटुंबे या शहरात तीनचार पिढ्या आहेत. कोणाचे पूर्वज गायकवाडीतून आले, कोणाचे रेल्वेबरोबर, कोणाचे शाळा-कचेऱ्यांत. या घरांच्या दिवाणखान्यांत विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : 'अहो, ही सगळी लिंबायत-उधन्याची नवी वस्ती, आपल्याकडे असले काही नाही.' आपल्याकडे नाही? आमच्या आजीची तपकिरीची डबी चांदीची होती. मोठ्या काकूंची मशेरी रोज पहाटे तव्यावर भाजली जाई आणि त्या वासाने आम्हां मुलांना जाग येई. दात बळकट होतात, असे सांगत. घरोघर चंची होती, अडकित्ता होता. त्यांपैकी कोण कशाने गेले, हे त्या काळी डॉक्टरही दबक्या आवाजात सांगत. 'घशाचे दुखणे' एवढाच शब्द वापरायचा. व्यसन आपले असले की तो रिवाज, आणि दुसऱ्याचे असले की वस्तीचा दोष! महानगरपालिकेच्या मराठी शाळांतून आज शिकणारी मुले बहुतांश त्याच 'नव्या वस्ती'तली आहेत. आपली नातवंडे इंग्रजी शाळांत गेली. या शहरात मराठी जी काही शिकवली जाते, ती त्या मुलांमुळे. आपण मातृभाषेच्या भवितव्यावर परिसंवाद भरवतो, आणि ती भाषा ज्यांच्या तोंडात आहे त्यांच्या तोंडात दुसरे काय जाते आहे, याची चौकशी करत नाही.

समारंभाहून परतलो तेव्हा हा लेख आमच्या डोक्यात जवळजवळ तयार होता, आणि त्यात केवळ महानगरपालिकेचा समाचार घ्यायचा होता. घराशी रिक्षा थांबली. आमच्या वडिलोपार्जित घराच्या ओट्याचा एक कोपरा गेली एकोणीस वर्षे एका गल्लेवाल्याकडे भाड्याने आहे. माणूस सज्जन, आमच्या आजारपणात रात्री औषध आणून देणारा. गल्लीच्या वरच्या तोंडाला एक प्राथमिक शाळा आहे. ती १०० यार्डांच्या पलीकडे आहे असे आम्ही आजवर धरून चाललो होतो, कारण वळणावळणाने चालत गेले तर अंतर तेवढे भरते. पण नियमाप्रमाणे अंतर चालण्याच्या वाटेने मोजायचे नसते. संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरील कडेपासून त्रिज्येने, सरळ रेषेत मोजायचे असते. हे आम्हांला माहीत होते. आमच्या नोकरीने ते आम्हांला शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला बरोबर घेऊन आम्ही मागच्या गच्चीवरून माप घेतले. अंतर ६४ यार्ड भरले.

गल्लेवाल्याला आम्ही तसे सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, 'साहेब, ओगणीस वरस थी तो कोई ए माप्युं नहीं.' आम्ही उत्तर दिले नाही. त्याने चहा आणि वह्या-पेन्सिली विकायचे ठरवले, तर भाडे निम्मे करण्याची आमची तयारी आहे. तो आपल्या भावाशी बोलून कळवणार आहे. करार मार्चअखेर संपतो. ज्या वाचकांचे ओटे भाड्याने आहेत, त्यांना हवी असल्यास मोजण्याची फीत आमच्याकडे आहे.