‘डा’ म्हणजे पाणी

थंडी पडली की शहरांतून मेळघाटाकडे गाड्या सुटतात. गाडीत ब्लँकेटं, वह्या, खाऊ आणि संस्थेचा बॅनर. अशाच एका गाडीतून मीही धारणी तालुक्यात गेलो होतो. पोरांना रांगेत उभं केलं. फोटो नीट आला नाही म्हणून एका मुलीच्या हातातली वही काढून घेतली आणि पुन्हा दिली. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते.

त्याच शाळेत पहिलीतला एक पोरगा गुरुजींना म्हणाला, “डा.” मेळघाटातल्या आदिवासींच्या कोरकू भाषेत डा म्हणजे पाणी. “नीट बोल. पाणी म्हण,” गुरुजी खेकसले. पोरगा गप्प झाला आणि पाणी न पिताच खाली बसला. आम्ही त्यालाही एक वही दिली.

माझं भांडण इथे आहे. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, संथाळीची नातलग. गडचिरोलीतल्या गोंडी आणि माडिया तर द्राविडी कुळातल्या. सहा वर्षांच्या लेकराला परक्या भाषेत बसवायचं आणि ते बोलत नाही म्हटल्यावर “यांच्या डोक्यात काही शिरतच नाही” असा शेरा मारायचा, हा उघड अन्याय आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा, असं संविधानाचं कलम ३५०-अ सांगतं. २००९चा शिक्षणहक्क कायदाही शक्य तिथवर मातृभाषेचाच आग्रह धरतो. ‘शक्य तिथवर’ हे शब्द मात्र अंग काढून घ्यायलाच वापरले गेले.

वाट माहीत नव्हती, असं कुणी म्हणू नये. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्या शाळा घेऊन पाड्यावर गेल्या. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. धाकटी भावंडं सांभाळणाऱ्या मुलींचं शिक्षण अडू नये म्हणून कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. सरकारने त्यांचा ‘अंगणवाडी’ हा शब्द १९७५च्या बालविकास योजनेसाठी उचलला. मुलाच्या दारी जाण्याची त्यांची नम्रता मात्र उचलली नाही. नर्मदाकाठच्या आदिवासी पाड्यांवरच्या जीवनशाळांनी १९९२पासून पावरी-भिलोरी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्याच भाषेचा हात धरून शिकवलं. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःच्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा उभी केली, तर शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली! ज्यांना शिक्षणाची आवड नाही म्हणून आपण वर्षानुवर्षं नाकं मुरडली, त्यांनीच शाळा काढली, आणि आपण मान्यतेचा कागद मागितला.

आदिवासी मुलाला दया नको आहे. आपल्या आईची भाषा वर्गात चालते, एवढं त्याला पहिल्या दिवशी कळलं पाहिजे. मराठी, इंग्रजी त्याने शिकावीच. पण स्वतःच्या भाषेच्या उंबरठ्यावरून आत येऊन, तिची लाज बाळगून नव्हे.

म्हणून येत्या थंडीत गाडी काढण्याआधी एवढंच विचारा: त्या शाळेत कोरकू बोलणारा शिक्षक आहे का? नसेल, तर ब्लँकेटं घरी ठेवा आणि तो शिक्षक मिळेपर्यंत जिल्हा परिषदेच्या दारात बसा. तिथे फोटो काढा हवे तेवढे.