कणसरीचा पहिला घास

आश्विन सरत आला की डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत भाताची खाचरे पिवळी पडू लागतात. आजच्या पालघर जिल्ह्यातील हा मुलूख वारली लोकांचा. त्यांच्या मते धान्य ही साक्षात् देवी होय. तिचे नाव कणसरी. नवे धान्य प्रथम तिला व कुळाच्या देवांना दाखवावे, मगच मुखी घालावे, हा त्यांचा दंडक. वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते. दिवाळीत काकडीचा कीस तांदळाच्या पिठात कालवून पानांत वाफवितात. चवळीच्या शेंगा, करांदे, कोनफळ उकडतात. रात्री तारपा घुमू लागतो. वाळलेला भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण यांचे हे वाद्य. वादक मध्यभागी, हात गुंफलेले स्त्रीपुरुष त्याच्याभोवती. त्याने चाल बदलली की पावले बदलतात. तारप्याला पाठ मात्र कोणी दाखवीत नाही.

या आनंदावर दीर्घकाळ एक काळी छाया होती. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली खावटी कापणीच्या वेळी वाढीव धान्याने फेडावी लागे. लग्नाच्या कर्जापायी कित्येक जण सावकाराचे ‘लग्नगडी’ होऊन जन्मभर राबत. खळ्यावरील रास मालकाच्या घरी गेल्यावर वारल्याच्या हाती उरे ती मूठभर. तीतूनही पहिला घास कणसरीचाच. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ न करण्याचा निर्धार त्यांनी केला. शामराव व गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी होते. पुढे १९५७ मध्ये कूळकायद्याने कसणाऱ्याचा जमिनीवरील हक्क मान्य केला.

आताचे बदल निराळे आहेत. तरुण मंडळी बोईसर, वापीच्या कारखान्यांत जातात व सणाला घरी परततात. तारपानृत्य रंगमंचावर आले. तेथे वर्तुळाला प्रेक्षकांकडे तोंड करावे लागते. लग्नघरी सुवासिनींनी रेखाटावयाची चित्रकला कागदावर उतरली आणि १९७० नंतर जिव्या सोमा मशे यांच्या हातून जगभर पोहोचली; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतील तारप्याचे वर्तुळ आज परदेशीही ओळखले जाते. पाड्यांवर मात्र ध्वनिक्षेपकाचा गोंगाट वाढला असून तारपा फुंकणारे थोडेच उरले आहेत.

गिरमिटाच्या कागदावर अंगठा उठवून मॉरिशसला आलेल्या कोकणी मराठी पूर्वजांच्या वंशजांना ही कथा परकी वाटू नये. दुसऱ्याच्या मळ्यात पीक काढूनही त्या पूर्वजांनी आपले सण सोडले नाहीत. गणेशोत्सवातील झाकरीतही गाणारा व ढोलकीवाला मध्ये असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फिरतात. फेर धरणारे पुष्कळ मिळतात; मध्ये बसणारा मात्र प्रत्येक पिढीला नव्याने तयार करावा लागतो.