अजून एक्सपी?

"अजून एक्सपी?" हा प्रश्न आमच्या क्षेत्रातली मंडळी ज्या सुरात विचारतात ना, त्या सुराशी माझं भांडण आहे. "अजून धोतर?" असं विचारावं तसा तो सूर असतो. विंडोज एक्सपी बाजारात आलं ऑक्टोबर २००१ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट बंद केला ८ एप्रिल २०१४ ला. या हिशोबाने आज ते वापरणारा माणूस एकतर कंजूष असणार नाहीतर अडाणी. हिंजवडीत एसीत बसून असं वाटणं अगदी सोपं आहे. तिथून भोसरी एमआयडीसीत एक चक्कर मारली की मात्र हिशोब जरा बदलतो.

गेल्या महिन्यात मी दोन रविवार भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये एका सेकंडहँड डेस्कटॉपवर एक्सपी टाकण्यात घालवले. (या भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे आपल्या रविवारी तिथे पूर्ण खडखडाट चालू असतो. गप्पा मारायच्या तर ओरडून.) वर्कशॉप आमच्या सोसायटीतल्या काकांचं. दहा-बारा माणसं, दोन व्हीएमसी, एक टर्निंग सेंटर. चाकणच्या मोठ्या कारखान्यांना जे माल देतात, त्यांना हे माल देतात. म्हणजे गाडीच्या जाहिरातीत यांचं नाव कधीच येणार नाही, पण यांचा लॉट अडकला तर वरच्या सगळ्यांचे फोन सुरू होतात.

अडकलं होतं ते सीएमएम. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्रॅनाइटचं एक जाडजूड टेबल, त्यावर तीन अक्षांवर सरकणारा पूल आणि त्याच्या टोकाला एक बारीक माणकाचा मणी. हा मणी तयार पार्टला जिथे जिथे टेकतो, तिथली जागा मायक्रॉनमध्ये नोंदवली जाते. भोक बरोबर जागी आहे का, बरोबर मापाचं आहे का, हे त्यावरून ठरतं. लॉटसोबत हा रिपोर्ट गेला नाही तर माल गेटवरूनच परत. मशीन २००६ सालचं. ग्रॅनाइटला काय धाड भरलीय? ते अजून तीस वर्षं तसंच राहील. पुलाचे एअर बेअरिंग ठणठणीत, स्केल ठणठणीत. मेला तो शेजारचा पीसी. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून वर आले होते.

त्या पीसीत एक पीसीआय कार्ड होतं. तिन्ही अक्षांचे आकडे मोजून कॉम्प्युटरला देणारं. त्याचा ड्रायव्हर एक्सपीपुरताच, तोही ३२ बिटचा. पुढच्या विंडोजसाठी तो कोणी लिहिलाच नाही. मशीन विकणाऱ्यांना फोन केला तर उत्तर तयार होतं: "सर, नवा कंट्रोलर घ्या, नवं सॉफ्टवेअर घ्या, मग नवीन पीसी." कोटेशन आलं ते एका छोट्या चारचाकीच्या किमतीचं. काका म्हणाले, "अरे, टेबल चांगलं, पूल चांगला, मणी चांगला. मग मी नवीन घेतोय काय नक्की?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काकांनी विकत घेतलं होतं लोखंड आणि ग्रॅनाइट, ज्याचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षं. पण त्याला बांधून दिलं होतं एक सॉफ्टवेअर, ज्याचं आयुष्य आठ-दहा वर्षं. हे दुसरं आयुष्य कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. घेणाऱ्याने विचारलं नाही, आणि देणाऱ्याने आपणहून सांगायचं काही कारण नव्हतं. मग पंधराएक वर्षांनी आपण सॉफ्टवेअरवाले येतो आणि विचारतो, अजून एक्सपी?

आणि हे फक्त भोसरीतल्या छोट्या माणसाचं नाही बरं का. आपल्या बँकांची एटीएम जून २०१८ मध्येही मोठ्या संख्येने एक्सपीवर होती. सपोर्ट संपून चार वर्षं झाल्यावर रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून, जून २०१९ पर्यंतची मुदत घालून त्यांना हलवावं लागलं. बँकेला जे चार वर्षांत जमलं नाही, ते बारा माणसांच्या वर्कशॉपला का जमलं नाही म्हणून हसणं मला पटत नाही.

असो. आता प्रत्यक्ष काम.

पहिला शोध डेस्कटॉपचा. नवीन मदरबोर्डवर जुना पीसीआय स्लॉट जवळपास नाहीसाच झालाय, आणि असला तरी एक्सपीला त्यातल्या बाकीच्या गोष्टी ओळखता येत नाहीत. म्हणून हवा २००८-०९ चा, कोअर २ ड्युओवाला, ऑफिसात वापरलेला ब्रँडेड टॉवर. स्लिम कॅबिनेट नको, कारण त्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही. अशी मशीन कुठून येतात ठाऊक आहे? आपल्याच ऑफिसांतून. तीन-चार वर्षांनी लीज संपलं की आपण ती टाकून देतो, जुनी झाली म्हणून. ती रिफर्बिश्डवाल्यांकडे जातात, आणि तिथून कुठल्यातरी भोसरी-तळवड्याच्या शेडमध्ये पुढची बारा वर्षं धूळ आणि कूलंटच्या वासात निमूट काम करतात. घेताना मी दोन गोष्टी पाहिल्या: कपॅसिटर सपाट आहेत का, आणि कॅबिनेटवर एक्सपीच्या लायसन्सचा स्टिकर शाबूत आहे का. ब्रँडेड मशीनवर त्याच कंपनीच्या सीडीने एक्सपी टाकलं की बायोसवरून ओळख पटते आणि ऍक्टिव्हेशनचं झेंगट राहत नाही. सीडी डीलरकडेच निघाली, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात.

इन्स्टॉलेशनची आठवण ज्यांना आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. (कोणी सोडणार नाही, माहितीये मला.) बायोसमध्ये सॅटा मोड एएचसीआय असेल तर एक्सपीची सीडी सुरू होते आणि थोड्याच वेळात निळ्या स्क्रीनवर ७बी नंबरची स्टॉप एरर देऊन बसते, कारण एएचसीआयचा ड्रायव्हर त्या सीडीत नाहीच. पूर्वी यासाठी एफ६ दाबून फ्लॉपी घालायचे. आता फ्लॉपी आणायची कुठून? बायोसमध्ये आयडीई मोड करायचा, संपला विषय. हार्डडिस्कऐवजी मी छोटी एसएसडी लावली. एक्सपीला एसएसडीची सवय नाही, त्याचं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होतं आणि एसएसडीला ते मानवत नाही. म्हणून पार्टिशन आधी लिनक्सने बरोबर १ एमबीपासून पाडून घेतलं आणि मग एक्सपीला म्हटलं, ये आता. एफ८ दाबून करार मान्य, मग ती प्रसिद्ध "३९ मिनिटं बाकी", आणि शेवटी हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. आजूबाजूला सगळं करडं आणि तेलकट असताना ती टेकडी फार विचित्र दिसते हो.

(एक आठवण. एक्सपीत मराठी नीट दिसायला रीजनल सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची टिक करावी लागायची, आणि मग तो सीडी मागायचा. सीडी कधीच जागेवर नसायची. मराठी वाचायचं म्हणून कितीजणांनी शेजाऱ्याची सीडी आणली असेल!)

पण एक्सपी टाकणं हा या कामाचा सोपा भाग. अवघड भाग होता एक छोटीशी फाइल.

प्रत्येक सीएमएमचे तिन्ही अक्ष कागदावर काटकोनात असतात, प्रत्यक्षात कणभर वाकडे. बसवताना लेझरने हा वाकडेपणा मोजतात आणि त्याचा तक्ता एका फाइलमध्ये ठेवतात. सॉफ्टवेअर प्रत्येक मोजमापात तो वाकडेपणा वजा करतं. ही फाइल त्या एका मशीनचीच असते, दुसऱ्याची चालत नाही. ती गेली तर मशीन सुरू होईल, मणी टेकेल, आकडे येतील, रिपोर्ट छापला जाईल. फक्त आकडे खोटे असतील, आणि ते खोटे आहेत हे कोणालाच कळणार नाही. ही फाइल होती त्या मेलेल्या पीसीच्या आयडीई हार्डडिस्कवर. बॅकअप? काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढे विचारलं नाही.

डिस्क फिरत होती, पण कुरकुरत. अशा वेळी ती पुन्हा पुन्हा सुरू करून फाइली शोधत बसायचं नसतं. यूएसबी ऍडॉप्टर लावून लिनक्सवरून आधी अख्ख्या डिस्कची इमेज घेतली, खराब जागा शेवटी ठेवून. रात्र गेली त्यात. काही सेक्टर वाचता आले नाहीत, पण तक्त्याची फाइल पूर्ण निघाली. दुसऱ्या रविवारी कार्ड बसवलं, ड्रायव्हर टाकला, फाइल जागेवर ठेवली. क्वालिटी बघणाऱ्या ताईंनी कॅलिब्रेशनचा मास्टर गोळा टेबलावर ठेवून मोजला, मग वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवून पुन्हा मोजला. आकडे प्रमाणपत्राशी जुळले. त्यांनी मान हलवली आणि लगेच थकलेला लॉट काढायला घेतला. माझ्या चहाची आठवण कोणाला राहिली नाही :-)

आता सिक्युरिटीवाले मित्र अंगावर येणार. त्यांचं म्हणणं रास्त आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय पसरला तेव्हा रेनॉच्या युरोपातल्या कारखान्यांबरोबर चेन्नईचा रेनॉ-निस्सानचा कारखानाही अडकला होता. महिन्या-दीड महिन्याने, २७ जूनला, नॉटपेट्याने आपल्या जेएनपीटीतलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प केलं. पण यातला एक तपशील लोक विसरतात. वॉनाक्रायचे बहुतांश बळी विंडोज ७ वाले होते, म्हणजे तेव्हा ज्याला सपोर्ट चालू होता ते. पॅच दोन महिने आधीच आला होता, फक्त टाकलेला नव्हता. त्यामुळे "नवं म्हणजे सुरक्षित" हे काही खरं नाही.

माझं मत सरळ आहे. एक्सपी नेटवर असेल तर त्याची बाजू मी घेणार नाही. नेटवर नसेल तर ते मशीनचाच एक भाग आहे, पुलासारखं नि मण्यासारखं. धोका येतो तो "पाच मिनिटं टॅली उघडायचंय" म्हणून कोणी लॅनची वायर खोचतं तेव्हा. म्हणून मी बायोसमधून लॅन कार्डच बंद केलं. राहिला पेन ड्राइव्ह. इराणच्या नतांझला लक्ष्य करणारा, २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट पेन ड्राइव्हवरूनही पसरत होता, तेव्हा नेट नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. ऑटोरन बंद, यूएसबी पोर्ट बंद, रिपोर्ट थेट पॅरलल पोर्टवरच्या प्रिंटरला. तसाही ऑडिटवाल्यांना सहीचा कागदच लागतो.

आणि उगाच जुनं धरून बसणं मलाही मान्य नाही. काकांच्या व्हीएमसीला प्रोग्रॅम पाठवणारा पीसीसुद्धा एक्सपीवर होता, केवळ सवयीने. जुन्या फॅनक कंट्रोलची मेमरी अजून मीटरमध्ये सांगतात, कागदी टेपची लांबी म्हणून: ४० मीटर म्हणजे १६ केबी! मोल्डचा प्रोग्रॅम त्यात मावत नाही, म्हणून आरएस-२३२ वरून थेंब थेंब सोडावा लागतो. पण हे काम कुठलीही आजची लिनक्स आरामात करते. बॉड रेट, पॅरिटी, स्टॉप बिट जुळले आणि केबल चांगली असली की झालं. तिथलं एक्सपी मी त्याच दिवशी काढलं. तसंच, ज्या सॉफ्टवेअरला खास कार्ड लागत नाही ते व्हर्च्युअल मशीनमध्ये आधी करून बघावं. खरं जुनं हार्डवेअर सगळ्यात शेवटी.

मशीन घेणाऱ्यांनी पर्चेस ऑर्डरमध्ये चार ओळी वाढवाव्यात असं मला मनापासून वाटतं. इन्स्टॉलेशनची सीडी किंवा फाइल आमच्या ताब्यात राहील. लायसन्स दुसऱ्या पीसीवर हलवता येईल. मशीन आणि पीसी एकमेकांशी काय बोलतात त्याचा कागद मिळेल. कॅलिब्रेशनचा तक्ता आम्हाला वेगळा मिळेल. टायर आणि गॅरंटी यावर तासभर घासाघीस करणारे आपण लोक, हे मागायला लाजायचं काय कारण? विकणारे कुरकुरतील, पण पन्नास लाखांच्या ऑर्डरसाठी कुरकुर लवकर संपते.

कारण पुढची लाट येऊन ठेपलीय. गेल्या दशकात चाकण-तळेगावात बसवलेल्या कितीतरी मशीनमध्ये विंडोज ७ आहे, ज्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज १० चा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. आपल्या ऑफिसांतून पुन्हा ढिगाने डेस्कटॉप बाहेर पडतायत. त्यातला एखादा स्पेअर म्हणून आताच घेऊन ठेवा, स्लॉट आणि सीरियल पोर्ट बघून. आणि ओळखीत कोणाचं वर्कशॉप असेल तर एखाद्या गुरुवारी, मशीन बंद असताना, पीसीच्या डिस्कची इमेज काढून द्या. दोन तासांचं काम आहे. काकांसाठी मी ती दोन ठिकाणी ठेवलीये: एक त्यांच्या घरच्या कपाटात, एक माझ्याकडे.