हरवलेली वास्तू पुन्हा उभारावी काय?

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी हे प्राचीन नगर वसले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तेथे बौद्धांचे भव्य स्तूप होते. काळाच्या ओघात ते ढासळले आणि त्यांच्या टेकड्या झाल्या. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले. तेव्हा विटांच्या स्तूपाचे अवशेष आणि त्याच्या दगडी कठड्याचे कोरीव स्तंभ उजेडात आले. बुद्धावर फणा धरून पावसापासून त्याचे रक्षण करणाऱ्या मुचलिंद नागाचे नावही तेथे ब्राह्मी लिपीत कोरलेले आढळले.

असा वैभवशाली स्तूप त्याच जागी पुन्हा का उभारू नये, असे कोणाच्याही मनात येईल. या प्रश्नाचा विचार करताना जपानमधील एका लहानशा झोपडीची हकीकत उद्बोधक ठरते.

जपानात पाहुण्याला विधिपूर्वक चहा देणे ही एक कला मानली जाते. त्यासाठी लाकूड, बांबू आणि माती यांचे साधे चहागृह बांधतात. सेन नो रिक्यू (1522-1591) हे या कलेचे थोर आचार्य होत. त्यांच्या घराण्याच्या एका शाखेचे ‘फुशिन-आन’ नावाचे चहागृह क्योटो शहरात आहे. त्यात चार चटयाही पुरत्या मावत नाहीत. 1788 मध्ये शहराला लागलेल्या प्रचंड आगीत ते भस्मसात झाले; ते पुन्हा बांधण्यात आले. 1906 मध्ये ते पुन्हा जळाले आणि 1913 मध्ये पुन्हा उभे राहिले.

हे कसे शक्य झाले? लाकूड जळाले, परंतु विद्या जळाली नाही. खिडकी कोठे असावी, भिंत किती उंच असावी, हे जाणणारे लोक हयात होते. तसे काम करणारे सुतार होते. मुख्य म्हणजे, त्या घरात चहा देण्याची परंपरा अखंड चालू होती. म्हणून नवे घर हे जुन्याची नक्कल न ठरता त्याचेच पुढचे आयुष्य ठरले.

पवनीची गोष्ट वेगळी आहे. तेथील स्तूपाचा घुमट नेमका कसा दिसे, हे सांगणारे चित्र उरलेले नाही आणि तो बांधणाऱ्यांची परंपराही केव्हाच खंडित झाली आहे. अशा स्थितीत जुन्या पायावर नवे बांधकाम करणे म्हणजे इतिहासावर कल्पनेचे पांघरूण घालणे होय. नव्या विटांखाली जुन्या विटा झाकल्या जातील आणि पुढील अभ्यासकाला खरे काय व रचलेले काय, हे ओळखता येणार नाही.

केवळ पडक्या विटा पाहून मुलांना काय कळणार, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु त्यावर उपाय आहेत. ठाऊक असलेल्या मापांवरून लहान प्रतिकृती करता येते; संग्रहालयात चित्रे लावता येतात. नवा स्तूप हवा असेल, तर तो नव्या भूमीवर बांधता येतो. पवनीजवळच रुयाड येथे जपानी बौद्धांच्या साहाय्याने असा महास्तूप उभारलेला आहे. तो स्वतःला प्राचीन म्हणवीत नाही. म्हणून तो जुन्या स्तूपाचा मान राखतो.

तेव्हा जेथे विद्या जिवंत आहे, तेथे वास्तू अवश्य पुन्हा बांधावी. जेथे ती लोपली आहे, तेथे अवशेष जपावेत, हेच उचित होय. पवनीच्या टेकडीवरील वीट सहज म्हणून उचलून नेणारा मनुष्य एका ग्रंथाचे पानच फाडीत असतो.

हा विचार भंडाऱ्याच्या आजच्या जीवनालाही लागू पडतो. तेथील कारागीर पितळेची भांडी घडवितात. आंधळगावचे विणकर कोशाचे वस्त्र विणतात. फुटलेले भांडे पुन्हा घडते आणि विरलेले वस्त्र पुन्हा विणले जाते, ते हे हात काम करीत आहेत तोवरच. ही विद्या मुलांनी त्यांच्याकडून समजून घेतली नाही, तर उद्या तिचेही केवळ अवशेष उरतील. आणि अवशेषांवरून सारे काही पुन्हा उभारता येत नाही, हे पवनीची टेकडी सांगतच आहे.