अपडेटनंतर गोठलेला संगणक : आधी हिशेब, मग दुरुस्ती

पेढीवरील संगणकाने रात्री आपणहून नवे अपडेट घ्यावे आणि सकाळी पहिले बिल काढतानाच पडदा जागच्या जागी थिजावा, हा अनुभव व्यापारी कुटुंबांना आता नवा राहिलेला नाही. माऊसचा बाण हलत नाही, कळफलक ऐकत नाही आणि समोर गिऱ्हाईक ताटकळत असते. अशा वेळी घाईने वीज बंद केली जाते आणि दुपारपर्यंत कोणी जाणकार ‘फॉरमॅट करावे लागेल’ असे सांगून मोकळा होतो. फॉरमॅट म्हणजे डिस्क कोरी करणे. जिच्यावर वर्षभराची खतावणी, येणी-देणी आणि मालाचा साठा नोंदलेला आहे, ती डिस्क पहिल्याच तासात कोरी करणे म्हणजे रोजमेळात फरक आला म्हणून वहीच फाडून टाकण्यासारखे होय.

संगणक गोठला म्हणजे हिशेब गेला, असे बहुधा नसते. बिघडलेले असते ते नव्या कार्यप्रणालीचे आणि जुन्या सोबत्यांचे जुळणे. २ ऑगस्ट २०१६ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे मोठे अपडेट दिले, तेव्हा काही संगणक लॉगिन होताच गोठू लागले. कार्यप्रणाली एसएसडीवर आणि प्रोग्रॅम वा माहिती दुसऱ्या डिस्कवर, अशी त्यांची रचना होती. तेच संगणक सेफ मोडमध्ये मात्र सुरळीत चालत होते. पुढे सुधारित अपडेट आले आणि दोष दूर झाला. ९ एप्रिल २०१९ च्या अपडेटनंतर काही अँटिव्हायरस असलेले संगणक सुरू होतानाच अडू लागले. त्यांपैकी काही अँटिव्हायरस असलेल्या संगणकांना ते अपडेट देणे मायक्रोसॉफ्टने थांबवले. सेफ मोडमध्ये जाऊन अँटिव्हायरस तात्पुरता बंद करणे, हा त्यावरील एक उपाय ठरला. दोन्ही वेळी डिस्क कोरी करण्याची गरज नव्हती.

याला अपवादही आहे. ऑक्टोबर २०१८ च्या मोठ्या अपडेटने काही जणांच्या फायली पुसल्या गेल्या आणि कंपनीला त्याचे वितरण काही दिवसांतच थांबवावे लागले. म्हणून हिशेबाची दुसरी प्रत नसेल, तर कोणत्याही भरवशावर विसंबू नये.

दोष शोधण्याची रीत बँकेच्या ताळमेळासारखीच आहे. शिल्लक शेवटची कधी जुळली होती, तेथून शोध सुरू करावा आणि एका वेळी एकच नोंद तपासावी. मायक्रोसॉफ्टची नियमित सुरक्षा अपडेटे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. भारतात तेव्हा रात्र असते, त्यामुळे त्यांचा परिणाम बहुधा बुधवारपासून दिसू लागतो. हा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो आणि मासिक विवरण भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदतही ११ तारखेला असते. गोठण्याची तारीख आणि अपडेटची तारीख जुळते का, हे सेटिंग्जमधील ‘अपडेट हिस्टरी’त पाहता येते.

प्रथम संगणक खरोखर गोठला आहे की कामात गुंतला आहे, हे पाहावे. अपडेटनंतर काही काळ आतली कामे चालू राहतात आणि जुने यंत्र मंदावते. ‘नम लॉक’ची कळ दाबून तिचा दिवा बदलतो का, ते पाहावे. बदलला तर यंत्र जिवंत आहे असे समजून अर्धा तास थांबावे. अपडेट चालू असल्याची सूचना पडद्यावर असताना तर वीज मुळीच तोडू नये. केवळ पडदा थिजला असेल, तर विंडोजची खूण असलेली कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्यात. त्याने पडद्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबले की टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता प्रोग्रॅम यंत्र अडवून बसला आहे, ते दिसते. यापैकी काहीच चालले नाही, तरच पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून यंत्र बंद करावे.

पुन्हा सुरू करण्यापूर्वी प्रिंटर, बारकोड स्कॅनर आणि पेनड्राइव्ह काढून ठेवावेत. त्यानंतरही संगणक गोठला, तर लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरून ‘रिस्टार्ट’ निवडावे. पुढे ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या वाटेने जाऊन ४ हा आकडा दाबला की सेफ मोड सुरू होतो. डिस्क कुलूपबंद असल्यास मध्येच ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. मायक्रोसॉफ्टचे खाते वापरले असल्यास ती बहुधा त्याच खात्यात साठवलेली असते. ती आधीच कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी.

सेफ मोड चालला की दुरुस्तीआधी एकच काम करावे : हिशेबाचा संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. शेवटची नोंद तीत दिसली की निम्मी चिंता मिटली. मगच कारणाच्या मागे लागावे. सी ड्राइव्ह काठोकाठ भरली असेल, तर जागा मोकळी करावी. अँटिव्हायरस बंद करून पाहावा. प्रिंटरचा आणि पडद्याचा ड्रायव्हर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नवा घ्यावा. तरीही गुण आला नाही, तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधून शेवटचे अपडेट काढावे. मोठे अपडेट असेल, तर मागील आवृत्तीकडे परतण्याची सोय साधारणपणे दहाच दिवस असते, हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक उपायानंतर संगणक पुन्हा सुरू करावा आणि काय केले ते लिहून ठेवावे. चार उपाय एकदम केले, तर गुण कशाने आला ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा अंधारात चाचपडावे लागते.

सेफ मोडमध्येही यंत्र गोठत असेल, तर अपडेटला दोष देण्याआधी डिस्क आणि मेमरी तपासून घ्यावी. जुन्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर ती वारंवार सुरू करू नये.

या मनस्तापाला कंटाळून अपडेट कायमचे बंद करणे मात्र महागात पडते. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने १२ मे २०१७ पासून अनेक देशांतील संगणक कुलूपबंद केले. ज्या छिद्रातून तो शिरत होता, ते बुजवणारे अपडेट त्याच वर्षी १४ मार्चला निघाले होते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे जुन्या यंत्रावरच व्यवहार चालवणाऱ्या पेढ्यांनी याचा विचार विशेष करावा. अपडेट काही दिवस पुढे ढकलण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे. विवरणाची तारीख उलटेपर्यंत ते थांबवावे, हिशेबाची प्रत काढावी आणि दुकान बंद असलेल्या दिवशी ते घ्यावे.

घरातील मुलगा किंवा सून हे काम सहज सांभाळू शकते. दर शनिवारी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, ती डिस्क संगणकापासून वेगळी काढून ठेवावी आणि महिन्यातून एकदा ती उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत ही न मोजलेल्या रोकडीसारखी असते. ती आहे असे केवळ मानलेले असते.