चिखलात साथ देणारी गाडी

पवनी तालुक्यातील एका वाचक भगिनीने पत्रातून सवाल केला आहे. त्यांचे शौहर अड्याळ, आसगाव, लाखांदूर अशा आठवडी बाजारांत कापड विकतात. गठ्ठे भाड्याच्या गाडीने जातात. पावसाळ्यात ती गाडी त्यांच्या वस्तीपर्यंत यायला तयार होत नाही. बाजार चुकतो आणि एक बाजार चुकला की आठवड्याचा घरखर्च कोलमडतो. आखाती देशात काम करणाऱ्या दिराने पाठवलेली थोडी बचत हाताशी आहे. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, म्हणून जुनी गाडी रोखीने घ्यायची असे घरात ठरले. पण कोणती? शौहर बोलेरो म्हणतात, दिराला थार हवी, मामूंना स्वस्तातली सुमो दिसते आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने तर मोबाइलवर फुगीर टायरांची एटीव्ही दाखवली. बहिणीने शेवटी विचारले आहे, "सर्वांत भरवशाची कंपनी कोणती, एवढेच सांगा."

एवढेच सांगता आले असते तर हे पान दोन ओळींत संपले असते. कंपन्यांची तुलना करूच, पण आधी भरवसा कशाला म्हणायचे ते ठरवू.

भरवसा म्हणजे काय?

नव्या गाड्यांच्या भरवशाच्या पाहण्या होतात. काही वर्षांच्या वापरानंतर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी निघाल्या, असा त्यांचा हिशेब असतो. पण त्या मुख्यतः शहरातल्या मालकांना विचारून केलेल्या आणि पहिल्या काही वर्षांपुरत्या असतात. बारा वर्षे वापरलेली, तीन मालक बदललेली गाडी लाखांदूरच्या पांदण रस्त्यावर काय करील, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

आपल्याकडे भरवशाला तीन पाय आहेत. पहिला, गाडीची बनावट त्या जमिनीला साजेशी हवी. दुसरा, बिघडल्यावर तिचा सुटा भाग आणि हात घालणारा मेकॅनिक जवळ हवा. तिसरा, समोर उभी असलेली ती एक गाडी आजवर कशी वापरली गेली हे माहीत हवे. बोनेटवरचे नाव पहिल्या पायाबद्दल पुष्कळ सांगते, दुसऱ्याबद्दल थोडे आणि तिसऱ्याबद्दल काहीच नाही.

आपली जमीन

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. वैनगंगेच्या काठची माती पाणी धरून ठेवते, म्हणूनच धान पिकते आणि म्हणूनच गाडी रुतते. रोवणीच्या दिवसांत बांध्यांमधून जाणारी वाट ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चिरलेली असते. मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. पण हेही खरे की भंडारा, लाखनी, साकोलीवरून जाणारा महामार्ग उत्तम आहे आणि बहुतेक मोठ्या गावांपर्यंत डांबर पोहोचले आहे. म्हणून आधी कागदावर लिहा: वर्षात किती दिवस खरोखर चिखलातून जायचे आहे, आणि तो चिखल किती लांब आहे? चाळीस दिवस आणि दीड किलोमीटर असेल तर उत्तर एक. रोजचीच वाट कच्ची असेल तर उत्तर दुसरे.

कंपनीनुसार पाहू

महिंद्राची बोलेरो २००० साली आली. मजबूत चेसिसवर वेगळी बसवलेली बॉडी, मागे पाटे, डिझेल इंजिन, मागच्या चाकांना ताकद. जमिनीपासूनची उंची १८० मिलिमीटर. ही फार नाही, खोल चिरांत पोट घासते. बसणे आरामाचे नाही, वळणावर गाडी झुकते. तरी खेड्यात ती टिकली, कारण तिची बनावट साधी आहे आणि तालुक्याच्या मेकॅनिकने ती अनेकदा खोललेली असते. या कंपनीचा इतिहासही आपल्या वाचकांना ठाऊक असावा. १९४५ साली ती महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने सुरू झाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. १९४७ पासून ती विलीज जीपची जुळणी करू लागली. बोलेरो त्याच जीपच्या घराण्यातली.

टाटा सुमो १९९४ ची. सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरे घेऊन तिचे नाव ठेवले गेले. माणसे आणि सामान दोन्ही वाहण्यात ती कमी नव्हती. पण २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आज बाजारातली प्रत्येक सुमो जुनीच आहे. झिजणारे भाग, म्हणजे ब्रेकचे, क्लचचे, फिल्टरचे, सहज मिळतील. दरवाजाचे कुलूप, काच, डॅशबोर्ड यांसाठी भंगार बाजार शोधावा लागू शकतो. किंमत कमी दिसते ती याचमुळे.

फोर्सची ट्रॅक्स, तिलाच लोक क्रूझर म्हणतात, पुण्याच्या बजाज टेम्पोची. या कंपनीने २००५ मध्ये फोर्स मोटर्स हे नाव घेतले. इंजिनाचे मूळ मर्सिडीजच्या तंत्रज्ञानात आहे आणि ते ओझ्याखाली दमत नाही. पण जुनी ट्रॅक्स बहुधा प्रवासी वाहतुकीत रोज पिळून निघालेली असते. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. क्लच आणि ब्रेकचे पेडल किती गुळगुळीत झाले आहे ते पाहा.

मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली. वजन सुमारे एक टन, चारही चाकांना ताकद देण्याची सोय, उंची २१० मिलिमीटर. हलकी असल्याने चिखलात कमी रुतते. नागझिऱ्याच्या सफारीत तिला पाहिले असेलच. मात्र ती फक्त पेट्रोलवर चालते, इंधन बरेच पिते, एअरबॅग नाहीत आणि उत्पादन बंद आहे. तिची जागा घेणारी जिम्नी २०२३ मध्ये आली. चढ-चिखलात तीही पटाईत, पण चार माणसांची आणि मागे सामानाला जागा थोडी.

महिंद्रा थारचे आजचे रूप २०२० चे. तीन दरवाजांच्या थारची उंची २२६ मिलिमीटर. फोर बाय फोर घेतली तर कठीण वाटेवर या यादीत ती सर्वांत सरस. पण ती चार माणसांची आहे, कापडाचे गठ्ठे तिच्यात मावणार नाहीत आणि जुनीसुद्धा स्वस्त मिळत नाही. शिवाय मागच्या चाकांवर चालणारी थारही विकली जाते. केवळ थार आहे म्हणून ती फोर बाय फोर असेल असे समजू नका.

मुलाच्या एटीव्हीबद्दल

पोलारिस, होंडा, यामाहा यांची एटीव्ही परदेशातील शेतांवर खरोखर उपयोगी ठरली आहे. आपल्याकडे ती मुख्यतः लष्कर, खासगी जागा आणि कोकणातल्या समुद्रकिनाऱ्यांवरच्या सहलींपुरती आहे. सार्वजनिक रस्त्यासाठी तिची नोंदणी सहसा होत नाही. म्हणजे बाजारापर्यंत ती जाऊच शकत नाही. ती उलटून माणूस खाली सापडतो, हा तिचा मोठा धोका. ऑस्ट्रेलियाने २०२१ पासून नव्या एटीव्हीवर चालकाला वाचवणारा सांगाडा सक्तीचा केला. तेव्हा काही नामांकित कंपन्यांनी त्या देशात विक्री थांबवणे पसंत केले. नाव कितीही मोठे असो, कंपनी बाजार सोडून जाऊ शकते, हे त्यातून ध्यानात घ्यावे. मुलाची हौस समजते, पण या बचतीतून ती भागवू नये.

मेकॅनिकची परीक्षा

गाडी पाहायला जाण्याआधी तुमच्या गावाजवळच्या दोन मेकॅनिकांना भेटा. "कोणती गाडी चांगली?" असे विचारू नका. प्रत्येक जण आपल्या आवडीची सांगेल. विचारा: या मॉडेलची क्लच प्लेट आज मागवली तर कधी मिळेल? भंडाऱ्यात की नागपूरहून? पूर्ण क्लचला मजुरीसह किती लागतील? गेल्या पावसाळ्यात या मॉडेलच्या किती गाड्या आल्या आणि कशासाठी? ज्या गाडीबद्दल न अडखळता उत्तरे मिळतील, ती तुमच्यासाठी भरवशाची. भाग यायला आठ दिवस लागणार असतील, तर गाडी कितीही उत्तम असली तरी एक बाजार गेलाच.

एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांबद्दल आणखी एक गोष्ट. नव्या प्रदूषण मानकांमुळे त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारा फिल्टर असतो. गाडी सतत कमी वेगाने, थोड्या थोड्या अंतरावर चालली तर तो तुंबतो. अधूनमधून महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे सलग चालवली की काजळी जळून जाते. वापर फक्त गावापुरता असेल तर हा खर्च मनात धरा.

पुराची खूण शोधा

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर जिल्हा विसरलेला नाही. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकाचक होते, पण वायरिंग आतून सडत राहते. म्हणून पायाखालचा गालिचा उचलून पाहा, शिवणीत गाळ राहतो. सीटच्या खालच्या पट्ट्यांना गंज आहे का पाहा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, पाण्याची रेष तिथे सापडते. हेडलाइटच्या आत वाफ धरली आहे का? मागच्या अ‍ॅक्सलचे तेल थोडे काढायला लावा. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. इंजिन थंड असताना सुरू करून बघा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. ऐब लपवून विकणे आपल्याकडे किती वाईट मानले आहे हे सर्वांना ठाऊक आहे, पण घेणाऱ्याने डोळे मिटावेत असे कुणी सांगितलेले नाही.

कागदांत आरसी, विमा आणि पीयूसी पाहा. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला की कर्जाचा बोजा आहे का ते कळते. बोजा असेल तर वित्त कंपनीचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. तेरा वर्षांची गाडी घेतलीत तर दोनच वर्षांत तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर दारात उभे राहतील.

टिकाऊ आणि सुरक्षित एक नव्हे

आई म्हणून हे नक्की वाचा. रस्त्यात बंद न पडणारी गाडी अपघातात माणसे वाचवील असे नाही. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत थारला २०२० मध्ये चार तारे मिळाले, बोलेरो निओला २०२४ मध्ये एकच. साध्या बोलेरोच्या अगदी मागे समोरासमोरच्या आडव्या जागा असतात. तिथे मुलांना बसवून महामार्गावरून नागपूरला ताजबागेत जाऊ नका. मुले मधल्या सीटवर, बेल्ट लावून. गठ्ठे दोरीने बांधलेले हवेत. अचानक ब्रेक लागला की सुटा गठ्ठा डोक्यावर येतो.

तर मग कोणती?

या बहिणीच्या घरासाठी माझा मशविरा असा. वस्तीपर्यंतची कच्ची वाट थोडी आहे आणि उरलेला रस्ता डांबरी, म्हणून फोर बाय फोरवर जादा पैसे घालू नका. चांगले खाचेदार टायर, एक फावडे, दोन लाकडी फळ्या आणि ओढायचा दोर गाडीत ठेवा. घरची माणसे जास्त आणि माल कमी असेल तर बोलेरो. माल आधी आणि माणसे चार-पाच असतील तर बोलेरो कॅम्पर पाहा. पुढे दोन ओळी, मागे उघडा हौदा, वर ताडपत्री. ती मालवाहू म्हणून नोंदलेली असते, म्हणून ठराविक मुदतीने फिटनेस करावे लागते, पण माल नेताना कायद्याची भीती राहत नाही. खासगी गाडीतून स्वतःचा माल नेण्याबद्दल भंडाऱ्याच्या आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीत आधीच विचारून घ्या. भाड्याने माल किंवा माणसे नेली आणि अपघात झाला तर दावा नाकारला जाऊ शकतो.

सगळी बचत किमतीत घालू नका. निदान दहावा हिस्सा बाजूला ठेवा. पहिल्याच महिन्यात इंजिन ऑइल, फिल्टर, पट्टे, ब्रेक आणि अ‍ॅक्सलचे तेल बदलून घ्या. रोवणी संपली की चाकांचे बेअरिंग ग्रीस करा आणि ब्रेक खोलून गाळ काढा. मळणीनंतर रेडिएटरच्या जाळीत अडकलेले तणीस काढा, नाहीतर उन्हाळ्यात इंजिन तापेल. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा किल्ली फिरवू नका. इंजिनात पाणी शिरले असेल तर त्या एका स्टार्टने कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा.

दिराला आमचा सलाम सांगा. थार चांगली गाडी आहे, पण त्यांच्या मेहनतीच्या पैशांतून वहिनीच्या घरचा एकही बाजार चुकू नये, हे त्यांनाही पटेल. गाडी घेण्याआधी मॉडेल, साल आणि किलोमीटर आम्हाला कळवा. इन्शाअल्लाह, पुढच्या अंकात तिच्या कागदांबद्दल आणखी बोलू.